सोडिअम इलेक्ट्रॉन ‘स्वखुशीने’ देतो का?

सोडिअमच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, मीठ तयार होताना अष्टक (बाह्यतम कवचातील आठ इलेक्ट्रॉनांची स्थिर रचना) पूर्ण करण्यासाठी तो क्लोरीनला स्वखुशीने देतो आणि या देवाणघेवाणीलाच आयनिक बंध म्हणतात, असे विवेचन शालेय टिपणांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आले आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. वायुरूप सोडिअमच्या एक मोल (अणू मोजण्याचे एक ठरावीक मोठे एकक) अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यासाठी सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते, तर ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारल्यावर जेमतेम ३४९ किलोज्यूल परत मिळते; म्हणजे दोन्हीकडची अष्टके पूर्ण होऊनही, तयार झालेले आयन (प्रभारित अणू) एकमेकांपासून दूर आहेत तोवर, व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यातच राहतो. हा तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांचे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा, कारण त्यांच्यातील आकर्षणामुळे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. बंध म्हणजे हे आकर्षण.

शिवाय अमुक सोडिअम तमुक क्लोरीनशी बांधलेला, अशी जोडीही स्फटिकात नसते. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात, हे भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरण अभ्यासातून १९१३ मध्येच दिसून आले होते.

कोकणातल्या मिठागरांत तर इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा प्रश्नच येत नाही: समुद्राच्या पाण्यात आयन आधीपासूनच असतात, उन्हाने पाणी आटते आणि ते एकमेकांना धरून खड्यांच्या रूपात तळाशी बसतात.