तिहू : होपींच्या कोरीव, रंगीत कत्सिना-आकृती

तिहू (अनेकवचनी तिथू) म्हणजे अमेरिकेतील होपी लोक कॉटनवूड झाडाच्या मुळातून कोरतात आणि रंगवतात ती कत्सिनाची लहान आकृती. होपींची बहुतेक गावे ॲरिझोना राज्याच्या ईशान्येला, मेसा म्हणतात त्या तीन सपाट माथ्यांच्या टेकड्यांवर व त्यांच्या पायथ्याशी आहेत. पहिल्या मेसावर वालपी, दुसऱ्यावर शुंगोपवी, तिसऱ्यावर ओराइबी ही त्यांतली जुनी नावे. बाहेरच्या जगाने या आकृतींना ‘कचिना बाहुल्या’ म्हणायला सुरुवात केली आणि घोटाळा तिथेच झाला. मूळ शब्द कत्सिना असा आहे आणि तो लाकडी आकृतीचा नाही. पाऊस, ढग, पिके, प्राणी, पूर्वज यांची चैतन्यरूपे म्हणजे कत्सिनम. कत्सिना हे त्याचे एकवचन. त्यांचा मुखवटा धारण करून गावात नाचणारा पुरुषही तेवढ्या वेळापुरता कत्सिनाच असतो. लाकडी आकृती ती तिहू.

‘मूर्ती’ हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. तिहूची प्राणप्रतिष्ठा होत नाही, तिची पूजा होत नाही, तिला नैवेद्य दाखवत नाहीत. ती मुलीला मिळालेली भेट असते. मुलीला आयुष्य, आरोग्य आणि संतती लाभावी, घरात मका पिकावा, ही प्रार्थना त्या भेटीत असते. ती निव्वळ खेळणेही नव्हे, आणि कत्सिनमची ओळख पटवायची ‘शैक्षणिक साधने’ हे प्रवासी पुस्तिकांतले वर्णनही अपुरे आहे. मुलगी तिच्याकडे पाहून कत्सिनम ओळखायला शिकते हे खरे. पण ती दिली जाते ते त्यासाठी नव्हे.

या प्रार्थनेचा केंद्रबिंदू पाऊस आहे. मेसांच्या प्रदेशात वर्षाला जेमतेम 20 ते 25 सेंटीमीटर पाऊस पडतो. मक्याची शेती पाटपाण्याविना होते. बी वरवर न पेरता काठीने खोल भोक पाडून, वाळूखालची ओल लागेल तिथे टोचतात. कत्सिनम ढगांच्या रूपाने येतात आणि पाऊस आणतात. फ्लॅगस्टाफ शहराजवळची नुवातुक्याओवी ही शिखरे त्यांचे घर. नकाशात त्यांचे नाव सॅन फ्रान्सिस्को पीक्स असे आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास पहिला कत्सिना गावात येतो आणि जुलैमध्ये सारे परत जातात. म्हणजे वर्षाचा साधारण अर्धा भाग ते गावांत असतात.

तिहू देण्याचे मुख्य प्रसंग दोन. फेब्रुवारीतल्या पोवामूया विधीच्या आधी किवामध्ये, म्हणजे जमिनीखालच्या विधिगृहात, घेवड्याचे दाणे पेरतात आणि शेकोटीच्या उबेवर भर थंडीत त्यांना मोड आणतात. विधीच्या दिवशी कत्सिनम हे कोंब घरोघरी देतात, मुलींना तिहू आणि मुलग्यांना धनुष्यबाण देतात. दुसरा प्रसंग जुलैतल्या निमानचा, कत्सिनमच्या परतीचा. त्या दिवशी हंगामातला पहिला हिरवा मका येतो आणि त्याच्यासोबत तिथू येतात. दीक्षा न झालेल्या मुलांसाठी ही भेट कत्सिनमचीच असते. म्हणून गावात पाहुणे म्हणून गेलेल्यांनी लहान मुलांसमोर ‘ही कोणी कोरली’ असा विषय काढू नये. विधींचे छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि रेखाटनही गावांत निषिद्ध आहे.

तान्ह्या बाळाला मिळणारी पहिली आकृती पुत्स्कातिहू. ती चपटी फळी असते: वर चेहरा, खाली नुसत्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखवलेले अंग, हात-पाय नाहीत. ती बहुधा कत्सिनमची माता मानल्या जाणाऱ्या हहाइ-वूतीची असते. मूल वाढते तशी आकृतीही भरते. आधी चपट्या अंगावर उठावदार चेहरा येतो, मग दंडगोल अंग आणि शेवटी हातापायांसह पूर्ण आकृती. दुकानात पुत्स्कातिहू ‘सोपी’ म्हणून स्वस्तात मिळते, पण होपी घरात आयुष्याची सुरुवात तिच्यापासून होते.

लाकूड

कॉटनवूड हे पॉपलरच्या कुळातले झाड आहे. नावात कापूस असला तरी आपल्या सावरीशी त्याचे नाते नाही. ते ओढ्याकाठी वाढते आणि त्याची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात. पावसाची प्रार्थना करायला पाणी शोधणारे मूळ घ्यायचे, ही निवड नुसत्या सोयीची नाही. सोय मात्र आहेच. या मुळाला होपी पाको म्हणतात. ते वजनाला हलके असते, त्याच्या तंतूंची रेषा सरळ आणि पोत एकसारखा असतो, चाकू रेषेत किंवा रेषेला आडवा चालवला तरी ते फारसे चिरफळत नाही. खोडाचे लाकूड असे वागत नाही.

जिवंत झाडाचे मूळ खणून काढण्यापेक्षा पुराने उघडे पडलेले, वाहत येऊन वाळलेले मूळ कोरणारे पसंत करतात. ओलसर मूळ घेतले तर आकृती पूर्ण झाल्यावर ते आक्रसते आणि गाभ्यापासून सालीकडे उभी चीर जाते, बहुधा छातीवर किंवा चेहऱ्यावर. ही चीर नंतर भरता येते, पण रंगाखालून ती पुन्हा डोकावते. उलट फार दिवस उन्हापावसात पडलेले मूळ आतून भुसभुशीत झालेले असते. ते हलके लागते म्हणून फसवते. बारीक काम करू लागले की धार त्याला कापत नाही, चुरडते. चांगले मूळ आता दुर्मीळ झाले आहे आणि अनेकांना ते विकत घ्यावे लागते.

कोरणे

मूळ करवतीने हव्या लांबीचे कापतात. जुन्या तिथू बहुतेक 15 ते 30 सेंटीमीटर उंचीच्या आढळतात. मग पटाशी किंवा कुऱ्हाडीने डोके, धड आणि पाय यांचे ढोबळ भाग पाडतात, कानशीने गोलाई आणतात आणि खिशातल्या चाकूने बाकीचे काम करतात. डोके मुद्दाम मोठे ठेवतात, कारण ओळख मुखवट्यात असते. जुन्या पद्धतीत हात पोटाशी धरलेले आणि धडातूनच कोरलेले असतात. सुटे हात नसल्याने मोडायलाही काही नसते. कान, चोच, नळीसारखे तोंड, शिंगे, डोक्यावरची फळी हे भाग वेगळे कोरून लाकडी खुंट्यांनी बसवतात. जुन्या आकृतीत हरवलेले असतात ते हेच भाग, आणि रिकामी खुंटीची भोके पाहून तिथे काय होते हे जाणकार सांगू शकतो. शेवटी वालुकाश्माच्या तुकड्याने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. हल्ली त्या जागी सँडपेपर आला आहे.

रंग

घासलेल्या लाकडावर आधी पांढऱ्या चिनी मातीच्या पातळ लेपाचे अस्तर देतात. अस्तर नसेल तर लाकूड रंग पिऊन टाकते आणि रंग मळकट दिसतो. अस्तर जाड झाले तर सुकताना तडकते आणि त्याचे पोपडे वरचा रंगही घेऊन जातात. पातळ हात, पूर्ण सुकू देणे, गरज असेल तरच दुसरा हात, हा क्रम मोडला की बिघडते. लाल आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीपासून, म्हणजे गेरू आणि पिवडीच्या जातीच्या मातीपासून मिळतो. निळसर हिरवा तांब्याच्या खनिजांपासून, काळा काजळीपासून किंवा मक्याच्या कणसावर पडणाऱ्या काणीपासून. हे रंग दगडावर पाण्यात घोटून लावतात. त्यांत चिकटपणा बेताचाच असतो, म्हणून ते बोटाला लागतात. नैसर्गिक रंगांच्या आकृतीचा हा स्वभावच आहे, दोष नव्हे.

रंग दिशांचे आहेत. पिवळा उत्तरेचा किंवा वायव्येचा, निळा-हिरवा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा, लाल दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा, पांढरा पूर्वेचा किंवा ईशान्येचा. काळा आणि सारे रंग मिळून हे वर आणि खाली या उरलेल्या दोन दिशांचे. आकृतीवर एखादा रंग प्रमुख असला की तो कत्सिना कोणत्या दिशेकडून आला ते कळते; एकच कत्सिना वेगवेगळ्या दिशांच्या रंगांतही येतो. गालांवरचे ढग, पक्ष्याच्या पायाचे ठसे, मक्याची कणसे, योद्ध्याच्या दोन उभ्या रेषा अशा खुणांनी बाकीची ओळख पटते. कत्सिनमचे प्रकार दोनशेहून कितीतरी जास्त आहेत. गावागणिक तपशील बदलतो, म्हणून एका मेसावरच्या जाणत्याने दिलेले नाव दुसऱ्या मेसावर चालेलच असे नाही.

बाजाराने केलेले बदल

1880 च्या दशकात या भागात रेल्वे आली आणि तिच्यामागून व्यापारी, संग्राहक आणि प्रवासी आले. ओराइबीत राहिलेला, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी एच. आर. व्होट याने मोठा संग्रह जमवला. त्यातला बराच शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. विक्रीसाठी कोरायचे की नाही, हा प्रश्न होपींना तेव्हापासून पडला आहे. ओराइबीचे प्रमुख विल्सन तवाक्वापतेवा यांनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला. ते पाहुण्यांना विकायच्या आकृतींवर निरनिराळ्या कत्सिनमच्या खुणा मिसळत, म्हणजे खऱ्या कत्सिनाची आकृती बाहेर जात नसे. संग्रहालयांत अशा आकृतींना नाव चिकटवण्याची धडपड करणारे फसतात ते याच कारणाने.

आकृती कोणासाठी केली हे ओळखायची सर्वांत सोपी खूण तिच्या पायाखाली असते. घरातली तिहू दोरीने भिंतीवर किंवा तुळईला टांगतात. तिला उभे राहायचेच नसते. संग्राहकाला ती फळीवर ठेवायची असते, म्हणून विसाव्या शतकात लाकडी बैठक आली. बैठक आली तसा एक पाय उचलता आला, गुडघा वाकवता आला, हात सुटे करता आले. नृत्याच्या आविर्भावातल्या आकृतींना बाजारात मागणी आली आणि ॲक्रिलिक रंग, विजेवर फिरणारी लहान कोरणी, लाकूड जाळून रेषा काढणारी लेखणी ही साधने त्यांच्यासाठी वापरात आली. 1970 नंतरच्या काही आकृतींत स्नायू, झालरी, कापडाच्या चुण्या एकाच मुळातून काढल्या आहेत. हे कौशल्य असामान्य आहे. पण सुटा हात चिकटवला असेल तर प्रवासात पहिला तोच निखळतो.

पिसांची गोष्ट वेगळी. जुन्या तिथूंना खरी पिसे असत. स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा 1918 चा कायदा आणि गरुडांविषयीचा 1940 चा कायदा यांमुळे या पक्ष्यांची पिसे लावलेली वस्तू विकणे गुन्हा ठरते. 1970 च्या दशकात अंमलबजावणी कडक झाल्यावर कोरणाऱ्यांनी पिसे लाकडातच कोरायला घेतली. याच दशकात दुसऱ्या मेसावरच्या मॅनफ्रेड सुसुंकेवा यांनी उलट वाट धरली: हात पोटाशी, बैठक नाही, मातीचे रंग, टांगायची दोरी. त्यांच्यामागून गेलेल्या कोरणाऱ्यांमुळे जुनी पद्धत आज पुन्हा भक्कम उभी आहे.

विकत घेणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कातडे, फर आणि रंगीत पिसे चिकटवलेल्या, एका साच्यातून काढल्यासारख्या दिसणाऱ्या ‘कचिना’ बहुधा होपींच्या नसतात. शेजारच्या नावाहो भागातही अशा आकृती मोठ्या संख्येने तयार होतात, आणि कत्सिना परंपरा नावाहोंची नाही. 1990 च्या अमेरिकी ‘इंडियन’ (म्हणजे मूळनिवासी) कला व हस्तकला कायद्याने जमातीचे खोटे नाव लावून विकण्याला बंदी आहे. त्यामुळे पावतीवर ‘मूळनिवासी हस्तकला’ एवढे पुरत नाही, ‘होपी’ हा शब्द आणि कोरणाऱ्याचे नाव मागावे. सर्पनर्तक आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक या लोकप्रिय आकृती काटेकोर अर्थाने कत्सिना नाहीत, हेही दुकानात क्वचितच सांगतात.

तिहू आणि मुखवटा यांत गल्लत करू नये. तिहू भेट आहे आणि विकण्यासाठीही कोरली जाते. विधीत धारण करायचे मुखवटे होपी जिवंत मानतात, त्यांना ‘मित्र’ म्हणतात, आणि ते विकण्याचा अधिकार कोणा एकाला नसतो. 2013 मध्ये पॅरिसमध्ये होपींचा विरोध डावलून अशा पवित्र वस्तूंचे लिलाव झाले. डिसेंबरमधल्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेने 24 वस्तू परत देण्यासाठीच विकत घेतल्या. त्यांतल्या 21 होपींच्या होत्या. अशा वस्तू देशाबाहेर नेण्याला बंदी घालणारा अमेरिकी कायदा 2022 च्या डिसेंबरमध्ये झाला.

जतन करताना आकृतीवर ओला फडका कधीही फिरवू नये. मातीचा रंग फडक्याबरोबर येतो. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी, रंग सुटत असेल तिथे कुंचलाही नको. थेट ऊन टाळावे, पिसांना कसर लागते का ते पाहत राहावे. उचलताना डोक्यावरची फळी किंवा हात न धरता धड धरावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संग्रहांतल्या अनेक वस्तूंवर कीड लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे मारलेली असतात. संग्रहालयांनी होपींना परत केलेल्या काही विधिवस्तूंवरही आर्सेनिक आढळले. त्यामुळे जुन्या संग्रहातून आलेली आकृती तपासणी होईपर्यंत हातमोजे घालूनच हाताळावी आणि मुलांच्या हाती देऊ नये.