रडारची ट्यूब, घरचा ऑसिलोस्कोप

मल्टिमीटर विजेचा आकडा सांगतो, ऑसिलोस्कोप तिची चाल डोळ्यांना दाखवतो. म्हणूनच घरी उपकरणं बनवणाऱ्यांचं पहिलं मोठं स्वप्न नेहमी ऑसिलोस्कोपचंच असायचं. व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर जुन्या रेडिओतून निघत. गाडं अडायचं ते कॅथोड रे ट्यूबपाशी. निर्वात काचेत इलेक्ट्रॉनची गन आणि समोर इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा फॉस्फरचा पडदा, असली वस्तू घरात कोण बनवणार?

ती मिळाली दुसऱ्या महायुद्धाच्या भंगारातून. रडारसाठी अशा ट्यूब मोठ्या संख्येनं बनल्या होत्या. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये रडारची अख्खी इंडिकेटर युनिटं, म्हणजे ट्यूबसकट पडद्याचे डबे, स्वस्तात विकायला निघाली. त्यांतली सहा इंची, हिरव्या उजेडाची व्हीसीआर ९७ हौशी मंडळींची विशेष लाडकी. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत वळतो तो पट्ट्यांवरच्या विद्युतदाबानं, बाहेरच्या कॉइलनं नाही. त्यामुळे भराभर बदलणारा सिग्नलही ती नीट दाखवते, आणि ऑसिलोस्कोपला नेमकं हेच हवं असतं. बीबीसीनं ७ जून १९४६ला टीव्हीचं प्रक्षेपण पुन्हा सुरू केलं, तेव्हा अनेकांनी याच ट्यूबवर घरचा टीव्हीही उभा केला. चित्र अर्थात हिरवं! या कामात जीवाला धोकाही होता. ट्यूबला दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब लागे, आणि स्विच बंद केल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर तो धरून ठेवत. त्या लोकांच्या हिमतीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

अमेरिकेत याच भंगारावर एक धंदा उभा राहिला. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी मुळात विमानांचे किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच, विकणारी. तिचे मालक हॉवर्ड अँथनी यांनी युद्धातले उरलेले सुटे भाग विकत घेतले आणि १९४७मध्ये ओ-१ हा ऑसिलोस्कोपचा किट बाजारात आणला, किंमत ३९.५० डॉलर. कारखान्यातून तयार येणारा ऑसिलोस्कोप याच्या कितीतरी पट महाग होता. हीथकिट हे नाव पुढे घराघरांत पोचलं, त्याची सुरुवात इथली.

आता हौशी मंडळींच्या भंगारात रडारच्या जागी जुना कॉम्प्युटर आला आहे. १९९५मध्ये इंटेलनं आणलेल्या एटीएक्स या कॉम्प्युटरच्या ठरावीक रचनेमुळे त्यातल्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, ३.३, ५ आणि १२ व्होल्ट आयते मिळतात. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो. काही जुने एसएमपीएस मात्र भाराशिवाय, म्हणजे वीज खाणारं काही जोडल्याशिवाय, टिकत नाहीत. त्यांच्या ५ व्होल्टच्या लाल वायर आणि काळी वायर यांच्यामध्ये १० ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावून ठेवतात.