लिहिलेली बडबड आणि सुचलेली बडबड

मित्रमैत्रिणींचं टोळकं, पंचविशी-तिशीचं वय, भाड्याचं घर, धड न लागलेल्या नोकऱ्या आणि कुणाचं तरी लग्न ठरल्यामुळे किंवा कुणी गाव सोडून चालल्यामुळे विस्कटायला लागलेला रोजचा अड्डा. कमी पैशांत केलेल्या स्वतंत्र विनोदी चित्रपटांचा हा हक्काचा विषय. असा चित्रपट जमून आला की बघणारा हमखास म्हणतो, ‘हे लोक लिहिलेलं बोलतच नाहीयेत!’ कधी ते खरं असतं. पुष्कळदा ते साफ चूक असतं, आणि पहिला चित्रपट करायला निघालेल्यांना ही चूक फार महागात पडते.

ग्रेटा गर्विग या अभिनेत्रीने ही दोन्ही टोकं अनुभवली आहेत. २००७ च्या ‘हॅना टेक्स द स्टेअर्स’मध्ये संवाद नटांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच घडवले. म्हणून लेखनाच्या श्रेयात दिग्दर्शक जो स्वॉनबर्गबरोबर गर्विग आणि केंट ऑसबोर्न यांचीही नावं आहेत. पाच वर्षांनी आलेल्या ‘फ्रान्सिस हा’मध्ये ती तशीच अडखळते, वाक्यं अर्धी सोडते, भलत्याच ठिकाणी हसते. पण ती पटकथा तिने आणि दिग्दर्शक नोआ बॉमबाकने आधी शब्दशः लिहिली होती, आणि टेकवर टेक घेऊन तेच शब्द बसवले होते. पडद्यावर दोन्हीकडे तोच सैलपणा दिसतो. मागची मेहनत मात्र अगदी उलट्या दिशांची आहे.

हा घोळ जुना आहे. अमेरिकी दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीसच्या ‘शॅडोज’च्या (१९५९) शेवटी पाटी येते की तुम्ही आत्ता पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्तपणे घडवलेला आहे. प्रत्यक्षात लोकांपुढे गेलेल्या आवृत्तीतला बराच भाग नंतर लिहून पुन्हा चित्रित केलेला होता. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवाच्या वेळी ध्वनितंत्रज्ञ एरिक मसुनागा यांनी अशा पुटपुटत्या चित्रपटांना ‘मम्बलकोर’ म्हटलं, आणि एकाच नावाखाली दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली. त्या पिढीतला अँड्र्यू बुजाल्स्कीचा ‘फनी हा हा’ (२००२) ऐकताना सगळं तोंडाला येईल ते वाटतं, पण त्याची पटकथा लिहिलेली होती. शिवाय तो १६ एमएम फिल्मवर केलेला. ४०० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं, आणि प्रत्येक रिळाचे पैसे मोजावे लागतात. अशा हिशेबात ‘काय सुचतंय ते बघू’ म्हणणं परवडत नाही.

कागदावर काय असतं

लिहिलेल्या पद्धतीत सगळंच कागदावर असतं: कोण काय बोलतो, कुठे अडतो, कोण कुणाला मध्येच तोडतो. पटकथेच्या पानाला एक मिनिट असा ढोबळ हिशेब धरतात. दोस्तांच्या भरभर बोलण्याला तो लागू पडत नाही, कारण नुसत्या संवादाचं पान पाऊण मिनिटातही उरकतं. ९० मिनिटांच्या चित्रपटाला ११० पानं झाली तर घाबरायचं कारण नाही.

सुचलेल्या पद्धतीत हातात १०-२० पानांचा आराखडा असतो. लिन शेल्टनचा ‘हम्पडे’ (२००९) असाच आराखड्यावरून नटांच्या तोंडी घडला. त्यात दोन जुने मित्र आहेत. एक संसारात रमलेला, दुसरा जग भटकून अचानक दारात उभा. पण आराखडा म्हणजे अर्धवट लिहिलेली पटकथा नव्हे. प्रसंग कुठून सुरू होतो, कुणाला काय ठाऊक आहे, कोण काय लपवतंय आणि काय घडलं की प्रसंग संपला, हे त्यात पटकथेपेक्षाही काटेकोर लागतं. ‘संवादाचं नट बघून घेतील’ या भरवशावर निघालेले चित्रपट बहुतेक इथेच गाळात जातात.

एकच प्रसंग दोन्हीकडून बघू. दोन मित्र बरीच वर्षं एका घरात राहताहेत. त्यातला एक आता जोडीदाराबरोबर राहायला जातोय. आधी लिहिलेला:

राहणारा : फ्रिज कुणाचा?
जाणारा : ठेव तुला.
राहणारा : नको. निम्मा तुझा / आहे.
जाणारा : ठेव म्हटलं ना.
राहणारा : निम्म्याचे पैसे देतो.
जाणारा : कशाला?
राहणारा : मग उद्या म्हणशील, फ्रिज सोडून आलो.

तिरपी रेघ जिथे आहे तिथेच पुढच्याने तोंड उघडायचं. आधीच्याने आपलं वाक्य पूर्ण करायचं, थांबायचं नाही. ही एवढी खूण नसेल तर चांगले नटसुद्धा पाळीपाळीने बोलतात, आणि वर्षानुवर्षं एका छताखाली राहिलेली माणसं मुलाखत दिल्यासारखी वाटायला लागतात. यातला विनोद फ्रिजचा नाहीच. राहणाऱ्याला हिशेब चुकता करायचाय, म्हणजे नंतर दुखायला काही उरणार नाही. हे तो एका शब्दानेही बोलत नाही, आणि सगळी गंमत त्या न बोलण्यात आहे.

आता हाच प्रसंग आराखड्यात. दोन्ही नटांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. जाणाऱ्याच्या चिठ्ठीत: ‘महिनाअखेर नाही, या रविवारीच निघतोयस. आज सांगायचंच आहे.’ राहणाऱ्याच्या चिठ्ठीत: ‘रविवारचं तुला तिसऱ्याकडून कळलंय. कळल्याचं दाखवायचं नाही. फ्रिजचा विषय काढ. पैसे देऊ केलेस की प्रसंग संपला.’ बस, इतकंच. पहिला टेक ९ मिनिटं चालेल आणि त्यात कामाचे ४० सेकंद निघतील.

हमखास काय बिघडतं? शांततेला घाबरून नट मनातलं सगळं ओकून टाकतात. ‘तू बदललास’, ‘आपली मैत्री पूर्वीसारखी राहणार नाही’ ही वाक्यं दुसऱ्या मिनिटाला येतातच, आणि प्रसंग तिथेच मरतो. उपाय सोपा आहे. टेकआधी चार-पाच शब्दांवर बंदी घालायची: मैत्री, आठवण, बदलणं, पूर्वी. तोंड अडलं की नट हाताकडे वळतो. कुणी रिकामा फ्रिज उघडून बघतो, कुणी त्याच्या दारावर चिकटवलेलं बिल सोलून काढतो. हवं असतं ते नेमकं हेच. दुसरं दुखणं म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. काय बोलावं सुचलं नाही की नट प्रश्न विचारतो आणि सगळा भार समोरच्यावर पडतो. त्यावर प्रत्येकाला एक ठाम माहिती आधीच देऊन ठेवायची, म्हणजे विचारण्याऐवजी सांगायला काहीतरी हातात असतं.

लिहिलेल्यात दुखणं वेगळं. सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलतात आणि सारखीच हुशार असतात. पात्रांची नावं झाकून पान मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही तर पुन्हा लिहा. वाचनाला खरे नट बसवा, दोन-तीन बैठका करा, आणि ज्या वाक्याला नट दोनदा अडखळेल ते वाक्य बदला, नटाला नव्हे.

लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि कमी पैशांत तो सोन्यासारखा आहे. निर्मितीतली अडचण कथेतच जिरवता येते. केविन स्मिथचा ‘क्लर्क्स’ (१९९४) २७,५७५ डॉलरमध्ये झाला. ज्या दुकानात तो दिवसा नोकरी करायचा तिथेच रात्री चित्रीकरण चालायचं. कथा मात्र दिवसाची. मग पटकथेत लिहिलं की कुणीतरी कुलपांमध्ये च्युइंगम कोंबलंय, म्हणून शटर दिवसभर बंद. बाहेरचा अंधार दिसायचा प्रश्नच मिटला. असली सोय आदल्या रात्री नटांना सांगून होत नाही, ती कथेत सुरुवातीलाच पेरून ठेवावी लागते.

कॅमेरा आणि आवाज

पद्धत आधी ठरवायची, कारण सामान त्यावर ठरतं. पुढचं वाक्य कुणाचं हे ठाऊक असेल तर एका बूमवर, म्हणजे लांब दांडीला लावलेल्या माईकवर, काम भागतं. बूमवाला पान पाठ करतो आणि वेळेवर माईक वळवतो. सुचलेल्या पद्धतीत त्याला काहीच कल्पना नसते. म्हणून प्रत्येक नटाला कपड्याखाली छोटा माईक आणि प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक हवाच, बूम त्याच्या जोडीला. एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी: दोस्तांच्या चित्रपटात मिठ्या आणि पाठीवरच्या थापा फार. माईक छातीच्या मधोमध लावला तर प्रत्येक मिठीला धप्प आवाज येतो, आणि नेमकं त्याच क्षणी बोललेलं वाक्य वाया जातं. तो थोडा बाजूला, कॉलरच्या आतून लावा.

एकमेकांवर चढणाऱ्या बोलण्याचंही तेच. लिहिलेल्यात क्लोजअप घेताना नटांना वाक्यं थोडी सुटी बोलायला सांगतात, आणि चढाओढ संकलनात तयार करतात. सुचलेल्यात असं सांगितलं की उत्साहच मावळतो. मग दोन कॅमेरे समोरासमोर लावून दोघांना एकाच वेळी टिपणं हा खरा मार्ग. त्यासाठी प्रकाश दोन्ही बाजूंना चालेल असा मऊ आणि पसरलेला लागतो. छतावरून उसळवलेला किंवा मोठ्या खिडकीतून येणारा चालतो. चेहऱ्यावर घोटून केलेली प्रकाशयोजना विसरायची. एकच कॅमेरा असेल तर नटाने पहिल्या टेकमध्ये सहज टाकलेलं अप्रतिम वाक्य दुसऱ्याच्या क्लोजअपच्या वेळी पुन्हा तसं येत नाही, आणि त्या वाक्यावरची खरी प्रतिक्रिया कुठेच सापडत नाही.

हातातल्या वस्तूंचंही सांभाळावं लागतं. उत्स्फूर्त प्रसंगात जेवणाचं ताट ठेवू नका. घास कधी तोंडात, कधी हवेत, आणि एकही कट जुळत नाही. बंद झाकणाचा कप चालतो, कारण आतली पातळी दिसत नाही.

हशा कुणाचा धरायचा

दोन्ही पद्धती सगळ्यात जास्त फसवतात ते इथे. लिहिलेला विनोद वाचनात, तालमीत, सेटवर मिळून शंभरदा ऐकलेला असतो. चित्रीकरणाच्या दिवशी कुणी हसत नाही, दिग्दर्शकाचा धीर सुटतो आणि तो ऐनवेळी वाक्य बदलतो. हा मोह टाळावा. पहिल्या वाचनाला कुठे हशा आला त्याची पानावर खूण करून ठेवावी आणि त्या खुणेवर विश्वास ठेवावा. सुचलेल्या पद्धतीत याच्या नेमकं उलट होतं. वाक्य अनपेक्षित येतं, कॅमेऱ्यामागची माणसं तोंड दाबून हसतात, आणि टेक ‘मस्त’ म्हणून नोंदला जातो. पण ती माणसं नटाच्या धाडसाला हसलेली असतात. प्रेक्षकाला ते धाडस ठाऊकच नसतं, त्याच्यासमोर फक्त पात्र असतं. म्हणून असे टेक आठवडाभराने, सेटवर नसलेल्या माणसाला दाखवून मगच निवडावेत.

संकलनाचा वेळही इथेच फुटतो. फ्रिजच्या प्रसंगाचे ९ मिनिटांचे ६ टेक दोन कॅमेऱ्यांवर घेतले तर १०८ मिनिटांचं फुटेज होतं, पडद्यावर उरतात फार तर ३ मिनिटं. लिहिलेल्यात तोच प्रसंग त्याच्या पावभर फुटेजमध्ये निघतो. त्यामुळे ‘संवाद लिहिण्यात वेळ गेला नाही’ असं म्हणणाऱ्याने तो वेळ संकलकाकडून उसना घेतलेला असतो. सगळे टेक टाइमकोडसकट, म्हणजे फुटेजवरच्या वेळेच्या आकड्यांसकट, लिहून काढल्याशिवाय कात्री लावू नये. म्हणजे पटकथा शेवटी लिहावी लागतेच, फक्त चित्रीकरणानंतर.

मधला रस्ता आहे, पण तो लोकांना वाटतो तसा नाही. ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली नटांबरोबर महिनोन्महिने उत्स्फूर्त तालमी करतात, त्यातून संवाद पक्के होतात, आणि कॅमेरा सुरू होतो तेव्हा शब्द ठरलेले असतात. उत्स्फूर्तपणा तालमीत, शिस्त चित्रीकरणात. ज्यांच्याकडे पैसा कमी आणि मित्र भरपूर, त्यांना हाच रस्ता सर्वांत जास्त देतो असं ठामपणे म्हणता येतं. तालमीला भाडं पडत नाही. अर्धी पटकथा लिहून ‘उरलेलं सेटवर’ म्हणणं हा मात्र मधला रस्ता नव्हे. तिथे नटाला कोणत्या वाक्याला हात लावायचा आणि कोणत्या नाही हेच कळत नाही, आणि तो दोन्हीकडे घाबरून खेळतो.

सुचलेल्या पद्धतीने करणार असाल तर लेखनाचं श्रेय आणि मोबदला चित्रीकरणाच्या आधी कागदावर आणा. नट संवाद घडवणार असतील तर ते लेखक ठरतात का, कोणत्या क्रमाने नावं येतील, पुढे चित्रपट विकला गेला तर वाटा किती, हे सगळं लिहून सह्या करा. चित्रपटात काम करणारे बहुतेक जण तुमचेच मित्र असणार, आणि मित्रांत पैशाचं बोलायचं राहून जातं.

तरीही निर्णय होत नसेल तर आपल्या चित्रपटातला एक दोन पात्रांचा प्रसंग घ्या. एका संध्याकाळी तो लिहून पाठ करून घ्या, दुसऱ्या संध्याकाळी त्याच नटांना चिठ्ठ्या द्या. दोन्ही वेळा मोबाइलवर फक्त आवाज मुद्रित करा आणि चार दिवसांनी, चित्राशिवाय, दोन्ही ऐका. नट चिठ्ठ्यांवर फुलत असतील तर ते दहाव्या सेकंदापासून कळतं. नसतील तर तेही कळतं: एकजण सतत प्रश्न विचारत असतो आणि दुसरा उत्तरं देत असतो.