पुरुषांमधील टक्कल

पुरुषाच्या डोक्यावरचे केस वाढत्या वयाबरोबर ठराविक क्रमाने विरळ होत जातात, त्याला टक्कल पडणे म्हणतात. आधी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकतात, मग भोवऱ्याभोवतीची जागा उघडी पडते. शेवटी कानांच्या वर आणि मानेकडे घोड्याच्या नालासारखी एक पट्टी तेवढी उरते. काहींच्या बाबतीत हे विशीतच सुरू होते. ऐन लग्नाच्या वयात कपाळ मोठे होऊ लागलेल्या मुलाला ‘काळजी सोड, केस येतील’ म्हणणे सोपे असते; पण त्याला खरे कारण समजणे जास्त गरजेचे आहे.

निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात. एक केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, काही महिने विसावतो आणि गळतो. टक्कल पडताना हा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो. केसाचे मूळ आक्रसते, जाड केसाच्या जागी बारीक लव येते आणि पुढे तीही दिसेनाशी होते. म्हणून कंगव्यात किती केस आले यापेक्षा केस किती बारीक झाले, हे पाहणे महत्त्वाचे.

यामागे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) आहे. वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागले. पुढचा धागा डॉमिनिकन प्रजासत्ताकात सापडला. तिथल्या काही कुटुंबांतील पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे त्याचे अधिक प्रभावी रूप बनवणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी होते. १९७४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली होती आणि त्यांना टक्कलही पडत नव्हते. याच विकराला अडवणारे फिनास्टेराइड हे औषध आधी प्रोस्टेटसाठी आणि १९९७ पासून अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले. संप्रेरक सगळ्यांकडे असते. मुळे त्याला किती संवेदनशील असावीत हे आनुवंशिकता ठरवते. ती केवळ आजोळकडून येते हा समज अपुरा आहे, वडिलांकडूनही येते. टोपी, हेल्मेट किंवा बोअरचे पाणी हे टकलाचे कारण नाही.

प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथे गोल, गुळगुळीत चट्टे दिसतात. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात २०२४-२५ च्या हिवाळ्यात अनेक गावकऱ्यांचे केस काही दिवसांत मुठीने हातात आले. तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांना तपासणीत गव्हात सेलेनियम या खनिजाचे प्रमाण फार जास्त आढळले. अशा वेळी आधी कारण शोधावे लागते.

टकलावर पुरावा असलेली औषधे मोजकी आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. त्याने अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर ते डोक्याला लावायचे द्रव औषध झाले. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, आणि घाबरून अनेक जण तिथेच थांबतात. फरक दिसायला किमान चार-सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची असते. थोड्या पुरुषांमध्ये तिने कामेच्छा कमी होते किंवा मन खिन्न होते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी करतात त्या पीएसए रक्ततपासणीचा आकडाही तिने जवळपास निम्म्यावर येतो, हे तपासणाऱ्याला सांगायला हवे. दोन्ही औषधे बंद केली की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. तेलाने केस मऊ राहतात, आक्रसलेले मूळ मात्र उभारी धरत नाही.

केशरोपणात मागच्या पट्टीतली मुळे पुढे लावतात. ती नव्या जागीही विरळ न होण्याचा आपला मूळ गुण टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले. पण मागचा साठा मर्यादित असतो, आणि आजूबाजूचे जुने केस विरळ होतच राहतात. त्यामुळे रोपणानंतरही औषध चालू ठेवावे लागते.