खोल समुद्रातील विरघळलेले सेंद्रिय द्रव्य

सजीवांपासून आलेल्या आणि समुद्राच्या पाण्यात विरघळून राहिलेल्या असंख्य कार्बनी संयुगांचे मिश्रण. ‘विरघळलेले’ कशाला म्हणायचे हे रसायनशास्त्राने नव्हे, गाळणीने ठरवले आहे. साधारण ०.२ ते ०.७ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे खाली उतरते ते विरघळलेले आणि वर अडकते ते कण. विषाणू आणि काही बारीक जीवाणू या गाळणीतून निसटतात. तरी ही सोयीची रेघ सगळ्यांनी मान्य केली आहे.

खोल समुद्राच्या १ लिटर पाण्यात या द्रव्यातला कार्बन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरतो. १५ लिटरची बादली भरून घेतली, तर तिच्यात मीठ अर्धा किलोच्या वर आणि हा कार्बन सात-आठ मिलिग्रॅम. पृष्ठभागावर दर किलो पाण्यामागे तो ६० ते ८० मायक्रोमोल (सुमारे ०.७ ते १ मिलिग्रॅम) असतो, तर तळाकडे ३४ ते ४८ (सुमारे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम). पण बादल्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. सर्व महासागरांत मिळून हा साठा सुमारे ६६,२०० कोटी टन कार्बनचा मानला जातो. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडमध्ये असलेल्या कार्बनशी त्याची तुलना करता येते.

मुंबईत खाडीच्या किंवा सांडपाण्याच्या पाण्यातले सेंद्रिय द्रव्य ‘बीओडी’ने, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीने, मोजतात. नमुना अंधारात २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवायचा आणि जीवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला ते पाहायचे. तीन दिवसांत बरेच काही कळते, कारण ते द्रव्य जीवाणूंना आयते ताट असते. खोल समुद्राच्या पाण्याला ही चाचणी लावून काहीच हाती लागणार नाही. तिथेही जीवाणू आहेत, ऑक्सिजन आहे आणि समोर अन्न आहे. तरी ते हजारो वर्षे तसेच राहते. या विषयातला सगळा अभ्यास शेवटी याच एका कोड्यापाशी येतो.

हजारो वर्षे हा अंदाजपंचे आकडा नाही. पीटर विल्यम्स आणि एलेन ड्रफेल यांनी १९८७ मध्ये उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर अतिनील प्रकाश टाकून त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले आणि त्यातील कार्बन-१४, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, मोजला. वय निघाले सुमारे ६,००० वर्षे. अटलांटिकमध्ये ते ४,००० च्या आसपास भरते. खोल पाण्याची जगभरची एक फेरी साधारण हजार वर्षांची. म्हणजे हे रेणू पाण्याबरोबर अनेकदा वर येऊन पुन्हा तळाशी गेलेले असतात. अर्थात हे सरासरी वय आहे. कालपरवाचे आणि फार जुने द्रव्य एकत्र मोजले की असाच आकडा येतो.

नमुना घेण्याचे काम सांगायला सोपे आणि करायला कटकटीचे. जहाजावरून तारेला बांधलेले, नळीसारख्या बाटल्यांचे चक्र खाली सोडतात आणि हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. वर आलेले पाणी सुमारे ४५० अंशांवर भाजून घेतलेल्या काचेच्या कुपीत भरून आम्लयुक्त करतात. मोजायचे आहे ते इतके थोडे, की तारेवरचे ग्रीस, जहाजाचा धूर, प्लॅस्टिकचे झाकण किंवा हाताला लावलेले क्रीमही आकडा बिघडवू शकते. पुढे हे पाणी सुमारे ७०० अंशांवर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजला जातो.

याच पद्धतीने एकदा सगळ्यांना चकवले. १९८८ मध्ये युकिओ सुगिमुरा आणि योशिमी सुझुकी यांनी उच्च तापमानाला जाळले की आधीच्या मापांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन सापडतो, असे मांडले. ते खरे असते तर महासागरातील कार्बनचा हिशेबच नव्याने मांडावा लागला असता. इतरांना मात्र तसे आकडे मिळेनात. यंत्राचाच स्वतःचा कार्बन, म्हणजे कोऱ्या नमुन्याचे माप, नीट वजा करणे हा वादातला कळीचा मुद्दा ठरला. १९९३ मध्ये सुझुकी यांनी आपला दावा मागे घेतला. पद्धत टिकली, आकडे गेले. आणि सर्व प्रयोगशाळांनी आपली यंत्रे कार्बनचे प्रमाण आधीच ठरवलेल्या एकाच संदर्भपाण्यावर तपासून घेण्याची शिस्त त्या गोंधळातून आली. चूक एवढी उपयोगी पडल्याची उदाहरणे विज्ञानात कमीच.

समोरचे हे अन्न जीवाणू खात का नाहीत, या कोड्याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की जीवाणूंनी खाण्याजोगे ते खाऊन टाकले. उरले ते चिवट चोथ्यासारखे. नियानझी जियाओ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याला ‘सूक्ष्मजीवी कार्बन पंप’ म्हटले: जीवाणू खाता खाता स्वतःच असा चोथा तयार करतात. दुसरे उत्तर होल्गर यानाश यांनी १९६७ मध्येच सुचवले होते. द्रव्य चिवट असेलच असे नाही. हजारो प्रकारचे रेणू इतके विरळ पसरले आहेत, की एकेका रेणूमागे धावणे जीवाणूला परवडत नाही. २०१५ मध्ये येझुस अरिएता आणि सहकाऱ्यांनी खोल पाण्यातले हे द्रव्य घट्ट करून तिथल्याच जीवाणूंपुढे ठेवले, तेव्हा ते त्यावर वाढले. पण सगळे संपले नाही, आणि इतके जुने वय केवळ विरळपणाने समजावणे कठीण जाते. प्रस्तुत लेखकाला दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत असे वाटते. अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांनी एकाच नमुन्यात हजारो रेणुसूत्रे दाखवली आहेत. मात्र शर्करा, अमिनो आम्ले असे ओळखीचे पदार्थ त्यांत अगदी थोडे.

मुंबईकराच्या दाराशी समुद्र असला, तरी खोल समुद्र नाही. मुंबई हाय हे तेलक्षेत्र शहरापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे, तरी तिथे पाणी अवघे ७५ मीटरच्या आसपास. वेसाव्याचे कोळी डोल जाळे लावतात ते पाणी तर त्याहूनही उथळ. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अंधेरीतील प्रादेशिक केंद्र याच किनारी पाण्यावर बरेच काम करते. संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. खऱ्या खोल पाण्यासाठी ‘सागर कन्या’ किंवा ‘सिंधू साधना’ अशा संशोधन जहाजांवरून किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपतो तिथला उतार ओलांडून जावे लागते.

अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद असल्याने त्याचे तळाचे पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने येते. साहजिकच तिथले जुने सेंद्रिय द्रव्यही बहुतांशी दुरूनच आलेले असते. खाड्यांतून येणारे सहज कुजणारे द्रव्य किनाऱ्याजवळच ऑक्सिजन खाऊन संपते. जगभरच्या नद्या दरवर्षी सुमारे २० ते २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात ओततात, पण जमिनीवरच्या झाडांची खूण असलेले लिग्निन महासागरात शोधले तर फारच थोडे सापडते. ते कुठे जाते याचे उत्तर काही अंशी सूर्यप्रकाशात आहे: पृष्ठभागावर आलेले रेणू तो तोडतो. समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून फिरून येणाऱ्या पाण्यातलाही असा कार्बन घटलेला दिसतो.