थकवा मोजणारा फॉर्म वेगळा, झोप मोजणारा वेगळा

'दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं' असं डॉक्टरांना सांगितलं की कधी फटीग सिव्हिरिटी स्केल ही प्रश्नावली भरायला मिळते, कधी एपवर्थ नावाची. दोन्ही एकेका पानाच्या, दोन्हीत आकडे निवडायचे, त्यामुळे पेशंटला त्या एकसारख्याच वाटतात. पण पहिली थकवा मोजते आणि दुसरी दिवसा येणारी झोप.

एपवर्थ सोपी आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही बघताना, दुसऱ्याच्या गाडीतून तासभर जाताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते ० ते ३ मध्ये सांगायचं. २४ पैकी बेरीज १० च्या वर गेली की झोप जास्त समजतात. त्यातला एक प्रसंग दुपारी आडवं होण्याचा आहे. एक ते चार शटर ओढणाऱ्या सदाशिव पेठेत तिथे तीनच पडणार, त्याचं मनावर घेऊ नये. विद्यापीठ चौकात गाडी थांबली आणि मान कलली, किंवा समोरच्याशी बोलता बोलता डोळे मिटले, तर मात्र रात्रीच्या घोरण्याचीही चौकशी व्हायला हवी, कारण घोरताना श्वास अडून झोप मोडत असू शकते.

फटीग सिव्हिरिटी स्केल १९८९ ची, मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) यांच्या रुग्णांसाठी तयार झालेली. झोपेबद्दल ती अवाक्षर काढत नाही. गेल्या आठवड्यात थकव्यामुळे काय काय अडलं, यावर नऊ विधानं असतात. प्रत्येकाशी किती सहमत, ते १ ते ७ मध्ये द्यायचं. सरासरी ४ किंवा जास्त आली की थकवा लक्षणीय मानतात. 'थकल्यावर उत्साह कमी होतो' हे विधान मला कच्चं वाटतं, धडधाकट माणूसही त्याला हो म्हणेल. खरी माहिती कामं आणि जबाबदाऱ्या अडण्याच्या विधानांत आहे.

डायलिसिसहून आलेली बाई जिन्यात मध्येच टेकते, कशीबशी वर येऊन कुकर लावते आणि भाजी राहू देते. पलंगावर पडते, पण डोळ्याला डोळा लागत नाही. तिच्याकडून नुसती एपवर्थ भरून घेतली तर आकडा नॉर्मल येईल आणि घरचे म्हणतील, 'बघ, काही नाहीये तुला.'

काहींचे दोन्ही आकडे वर असतात. कारण मात्र कुठलाच आकडा सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, चालू गोळ्या, मन:स्थिती हे सगळं पाहावंच लागतं. आणि एपवर्थ वर असलेला माणूस स्वतः गाडी चालवत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच भेटीत सांगावं.