रेग्युलेटरचा डबा लहान कसा होत गेला

रबाळ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये आयटीआयची पोरं येतात, त्यांना हीटरचा रेग्युलेटर जोडायला दिला की बोर्डवरचे सहा-सात पार्ट बघून "एवढंच?" म्हणतात आणि मग त्यातलाही एखादा "ह्याच्याशिवाय चालतंय की" म्हणून काढून टाकतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण ह्यातला प्रत्येक पार्ट कुणाला तरी त्रास झाला म्हणून तिथे आलाय.

पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा, भिंतीवरचा जाडजूड डबा, आत चिनीमातीवर गुंडाळलेली तार, पंखा एक नंबरवर तासभर ठेवला की डब्याला हात लावला तर चटका. जास्तीचा दाब त्या तारेत उष्णता होऊन जायचा. पंख्याला ते खपून गेलं, शेगडीला खपत नाही. हिशोब करून बघा, 230 व्होल्टवर 1000 वॉटची कॉईल म्हणजे साधारण 53 ओहम, तिला 500 वॉटवर आणायचं तर तिच्यावर 163 व्होल्ट यायला हवेत, करंट 3 अँपिअरच्या थोडा वर, आणि उरलेले 67 व्होल्ट पडणार रेझिस्टरवर, म्हणजे 200 वॉटच्या वर उष्णता नुसती डब्यात! नाटकाच्या थिएटरांमध्ये तर मिठाच्या पाण्यात प्लेटी वर-खाली करून दिवे मंद करायची पद्धत जगात बरीच वर्षं चालली. आपल्या जुन्या डीसी लोकलसुद्धा सुटताना रेझिस्टरचे टप्पे एकेक काढतच वेग घ्यायच्या.

1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल रेडिओ कंपनीने व्हेरिअ‍ॅक आणला, म्हणजे नॉब फिरवून दाब कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, आपल्याकडे त्याला सगळे डिमरस्टॅटच म्हणतात. हे यंत्र मला आजही फार आवडतं, वीज वाया जवळपास जात नाही आणि लोडला स्वच्छ साइन वेव्ह मिळते, पण तांबं आणि लोखंड इतकं लागतं की 2 किलोवॉटचा उचलताना कंबर सांभाळावी लागते, घरातल्या स्विचबोर्डात तो बसणार कसा.

दुसरी वाट होती वीज अडवण्याऐवजी प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये उशिरा सोडायची, जितका उशीर तितकी पॉवर कमी. 1920 च्या दशकातच थायराट्रॉन नावाची वायू भरलेली नळी हे काम करत होती, पण नळी म्हटली की काच आली, फिलामेंट तापवणं आलं. 1950 मध्ये शॉकली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने चार थरांच्या अर्धवाहकाची कल्पना मांडली, 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या गॉर्डन हॉल आणि त्याच्या टीमने एससीआर बनवला, म्हणजे गेटला इशारा मिळाला की उघडणारा अर्धवाहकाचा स्विच, आणि थायराट्रॉन नि ट्रान्झिस्टर मिळून नाव पडलं थायरिस्टर. जोएल स्पायराने 1959 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ह्यावर घरगुती डिमर, म्हणजे दिवा मंद करायचा रेग्युलेटर, जमवला आणि 1961 मध्ये ल्युट्रॉन कंपनी काढली. एससीआरमधून करंट एकाच दिशेने वाहतो, आणि एसीत दर अर्ध्या सायकलला दिशा बदलते, त्यामुळे दोन लागायचे. 60 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनेच ट्रायॅक आणला आणि दोन्ही अर्ध्या सायकल एकाच तुकड्यात आल्या.

आपल्या 50 हर्ट्झला अर्धी सायकल 10 मिलिसेकंदांची. 470 किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो पॉटमधून हळूहळू भरतो, साधारण 32 व्होल्टला डीबी3 डायॅक (ठराविक दाबाला एकदम वाहू लागणारा पार्ट) फुटतो आणि ट्रायॅकचा गेट उडतो. 5 मिलिसेकंदांनी उडाला की बरोबर निम्मी पॉवर. त्याच 1000 वॉटच्या शेगडीला ट्रायॅकमध्ये जाते चार-पाच वॉटच्या आतली उष्णता, कुठे ते 200!

हीटसिंकचं मात्र मी स्वतः भोगलंय. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नवीन होतो तेव्हा बीटी136 हा ट्रायॅक सरळ अॅल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळला आणि चालू सर्किटमध्ये पट्टी पकडली, कोपरापर्यंत झटका. त्याची पाठ आतून टी2 ह्या मुख्य टर्मिनलला जोडलेली असते, म्हणजे पट्टी लाइव्ह. मिस्त्रींनी काही न बोलता वीज अडवणारा मायकाचा (अभ्रकाचा) तुकडा आणि प्लास्टिकचा वॉशर हातात ठेवला. आता बीटीए16 घ्या, त्याची पाठ आतूनच इन्सुलेटेड येते, दहा-वीस रुपयांसाठी जीव टांगणीला लावू नका.

पोरं सगळ्यात आधी काढतात ती चोक, म्हणजे तारेची गुंडाळी. सायकलच्या मध्येच ट्रायॅक एकदम उघडला की करंट उडी मारतो आणि शेजारच्या घरात रेडिओच्या मीडियम वेव्हवर घरघर सुरू होते, ती उडी मवाळ करायला चोक आणि मेन्सवर जोडायचा एक्स2 जातीचा कपॅसिटर असतो. हीटरला ह्याहून चांगला उपाय म्हणजे दाब शून्य असतानाच ट्रायॅक उघडायचा आणि काही पूर्ण सायकल द्यायच्या, काही गाळायच्या, एमओसी3041 सारखा ऑप्टो (प्रकाशाने इशारा देऊन ट्रायॅक उडवणारा पार्ट) त्यासाठीच आहे. कॉईल थंड व्हायला वेळ घेते म्हणून तिला कळतही नाही, दिवा मात्र लुकलुकतो.

दिव्यांसाठी हा बोर्ड आता कुणी फारसा मागत नाही, 2015 नंतर घरोघरी एलईडी आले आणि 9 वॉटचा बल्ब इतका कमी करंट घेतो की ट्रायॅक चालूच राहत नाही. मागणी हीटरवाल्यांची. घणसोलीच्या एक ताई घरी मेणबत्त्या करतात, त्यांचं मेण कडेला जळत होतं, त्यांना पूर्ण सायकलवाला बसवून दिला, त्यांनी नॉबशेजारी पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय आणि ती रेघ निम्म्याच्याही खाली आहे.